हात रिकामे ठेवा

प्रिय नणंदबाई,

तोंड वाकडं करू नकोस, 'नणंदबाई' मुद्दामच म्हटलंय. कारखान्यात शेजारच्या शिलाई मशिनवर बसून माझे बॉबिन पळवायचीस आणि वर आपला भाऊही माझ्या गळ्यात बांधून मोकळी झालीस, तेव्हा एवढा मान तुला द्यायलाच हवा. मोठ्या ताईंकडे जाऊन तुला वर्ष होत आलं. फोन केला की 'बरी आहे, कामात आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी बातमी: बिल्ला गेला. सुपरवायझरच्या पाठीमागे खिळ्याला टांगलेला तो पत्र्याचा बिल्ला, जो हातात असल्याशिवाय बाथरूमला जायची सोय नव्हती, आणि मशिनींच्या अख्ख्या लाइनीत एकच होता, तो गेला! पुरुषांच्या कटिंग विभागात असलं काही नव्हतंच, त्यामुळे युनियनला तो कधी दिसलाच नाही.

मागच्या वर्षीची युनियनची सभा आठवते ना? बिल्ला काढायची मागणी आपण ठरावात घातली आणि ऐन मतदानाला आपली चहा वाटायची वेळ झाली. अध्यक्ष म्हणाले, बाजूने असतील त्यांनी हात वर करा, आणि आपल्या सगळ्या बायकांच्या हातात ट्रे! तू तर रागाने किटलीच वर केलीस. 'किटलीचं मत धरत नाहीत,' असं म्हणून अध्यक्ष हसले, सगळे हसले आणि ठराव पडला. सेक्रेटरी म्हणून तुझ्या भावाने तसं लिहूनही टाकलं. त्या रात्री मी त्याच्याशी चकार शब्द बोलले नाही, पण त्याच्या ते लक्षातच आलं नाही, त्याचं काय करशील?

या वर्षी मी जेवणाच्या सुट्टीत लाइनी-लाइनींतून फिरले. कानात एकच सांगायचं: सभेत हात रिकामे ठेवा. सगळ्या पटकन तयार झाल्या, अडून बसल्या त्या आपल्या कॉलर शिवणाऱ्या मावशी. युनियन निघाली तेव्हापासून चहा त्यांच्याकडे. चहाशिवाय सभा, लोक काय म्हणतील, हेच त्यांचं पालुपद. सभेच्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत येऊन बसल्या, रिकामी किटली पायाशी घेऊन. अध्यक्षांची नजर सारखी दाराकडे. चहा येईना म्हणून ते कामगारांच्या एकजुटीवर बोलत राहिले, बोलता बोलता घसा कोरडा पडला, आणि शेवटी नाइलाजाने ठराव मताला टाकला. अगं, काय हात वर गेले! मावशींनी तर दोन्ही केले. अध्यक्ष म्हणाले, मावशी, एकच पुरे. मावशी म्हणाल्या, "दुसरा मागच्या वर्षीचा राहिलाय."

मालकांनी आढेवेढे घेतले, आम्ही गेटवर बसलो, आणि परवा करारावर सह्या झाल्या. वाटाघाटींच्या कमिटीत मलाही घेतलं होतं, ही दुसरी बातमी. आणि तिथे मी बोललेसुद्धा.

आता आपण दोघी कधीच बोललो नाही ते लिहिते. त्या दुपारी तू बिल्ला मागायला गेलीस, परत आलीस, पुन्हा गेलीस. बिल्ला दुसरी कुणी घेऊन गेली होती, तो परत आलाच नव्हता. मग तू जागची हलेनाशी झालीस आणि मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझी पाण्याची बाटली तुझ्या मांडीवर, स्टुलावर, फरशीवर सांडली, ती धक्का लागून नाही, हे तुला ठाऊक आहे. सुपरवायझर सगळ्यांदेखत मला वेंधळी म्हणाला, आणि लाइनीत मी आजही वेंधळीच आहे. म्हणजे बघ, कुणालाही काही कळलेलं नाही. तू मात्र दुसऱ्या दिवसापासून आलीच नाहीस. तुझ्या रिकाम्या स्टुलाकडे पाहून मला किती वेळा रडू आलं ते मी मशिनच्या आवाजात लपवलं. लाज तुला कशाची गं? बिल्ला टांगणाऱ्याला वाटायला हवी होती.

करारात शेवटी एक छोटं कलम आहे: वर्षभरात काम सोडून गेलेल्या बाईला, कारण न विचारता, जुन्या जागेवर परत घ्यावं. 'कारण न विचारता' हे शब्द माझे. कमिटीतले विचारायला लागले, अशी कोण आहे? मी म्हटलं, असेल कुणी. तुझ्या भावाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि खाली बघून कलम लिहून टाकलं. घरी आल्यावर त्याने स्वतः चहा ठेवला. साखर विसरला. कप माझ्यापुढे ठेवत इतकंच म्हणाला, तिला लिही. म्हणून हे पत्र. वर्षभरात गेलेली बाई एकच आहे, आणि तिचं स्टूल माझ्या शेजारी पुसून ठेवलंय. सोमवारी ये. हात रिकामेच ठेव, डबा मी आणते.

तुझीच,
वेंधळी भावजय