माझ्या राजवटीचं पहिलं वर्ष

३ मार्च, माझ्या राजवटीचं पहिलं वर्ष
राजे तारखेपुढे आपल्या राजवटीचं वर्ष लिहितात. आजपासून मीही. भटक्या साधू अँब्रोजने माझं नाक निरखून शपथेवर सांगितलं, पाळण्यातून नाहीसा झालेला राजपुत्र तो तूच. तरीच! चर्चच्या दारात सापडलो तेव्हा माझ्या अंगावर बऱ्यापैकी लोकरी कापड होतं. मेंढीच्या कातड्याचे लिहायचे कागद बनवण्यात उगाच जन्म घालवला. बायकोला, मॉडला, सांगितलं. म्हणाली, महाराज, आधी चुन्यात भिजलेली कातडी बाहेर काढा.

९ मार्च, पहिलं वर्ष
एव्हिसच्या मानेवरच्या गाठी वाढल्या. माझी आठ वर्षांची पोर. या दुखण्याला राजाच्याच हाताने उतार पडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मॉड म्हणते, राजा ईस्टरला लिंकनला येतोय, आजाऱ्यांना हात लावून गळ्यात सोन्याचं नाणं घालणार आहे, हिला घेऊन जा. घरात राजा असताना त्या तोतयाच्या दारात उभं राहायचं? साफ नकार दिला.

१० मार्च, सकाळी
स्वतः हात लावला. एव्हिस म्हणाली, खरखरीत आहे पण ऊबदार आहे. सोनं नव्हतं, म्हणून कातड्याची चकती कापून पिवळी रंगवली. नाण्यावर देवदूत असतो, तोही काढला. त्याचं बदक झालं. पोर पोट धरून हसली. गळ्यात बांधली. संकल्प: रोज सकाळी न चुकता.

२२ मार्च, पहिलं वर्ष
एव्हिस म्हणते, गाठी कमी होताहेत. मानेचा रुमाल मात्र सोडू देत नाही. राजकन्याच ती, लाजणारच.
सैन्य गोळा करायला अँब्रोज माझा लोकरी झगा घेऊन गेला, त्याला बारा दिवस झाले. मॉड म्हणते, झगा गेला. बायकांना राजकारण कळत नाही.

ईस्टरचा मंगळवार
तो तोतया लिंकनला आला आणि गेला. शेजारची सिसिली म्हातारी नाणं मिरवत आली. मॉड दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पोरगी खडखडीत बरी झाली की बोलेल.

२ मे
रुमाल सुटून पडला. गाठी फुटल्या आहेत.
खोटं का बोललीस म्हणून विचारलं. म्हणाली, बाबा, तुम्ही सकाळी किती खूश असायचात.
मॉडला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. पोरीने तिला शपथ घातली होती. मॉड म्हणाली, तुझं राज्य ती पोर एकटी चालवत होती. मला रडू आवरेना. अंगणात जाऊन बसलो.

१३ मे, नॉटिंगहॅम
राजाचा मुक्काम आता इथे. एव्हिसला पाठीवर घेऊन चार दिवस चाललो. रांगेत कारकुनाने विचारलं, मुलगी कोणाची? म्हटलं, गिल्बर्ट कातडीवाल्याची. तुझा बाप कोण? म्हटलं, माहीत नाही.
राजापुढे गुडघे टेकले. त्याने हात लावला, नाणं घातलं. कारकून तिला म्हणाला, ती कातड्याची चकती काढ, तेव्हा एव्हिसने ती मुठीत धरली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, माझ्या बाबांचा हात याहून ऊबदार आहे. लोक हसले. मी तिला उचलून बाहेर आणलं.

३० मे, राजाच्या राजवटीचं नववं वर्ष
एव्हिसला काल पुरलं.
ईस्टरला नेली असती तर, असं मॉड एकदाही म्हणाली नाही. मीच म्हणतो. रोज सकाळी, न चुकता.
सोन्याचं नाणं मॉडने चर्चला देऊन टाकलं. पुरताना पाद्री म्हणाला, पोरीच्या मुठीत काहीतरी आहे. मी म्हटलं, राहू द्या, बदक आहे.
चुन्यातली कातडी काढायची राहिली आहेत.