ज्या वाक्यात शिवी नाही

देऊळघाट,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मशीला हिस,
आत्याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन केला की मी रडते अन् तू नुसती 'हो आत्या, हो आत्या' करत राह्यते. म्हून आज कागदावर भांडून राह्यली.

माहं खातं बंद झालं. तू पुण्यात जिथं लोकायच्या कॉमेंटा तपासते, त्याच तुह्या कंपनीनं बंद केलं. गुन्हा काय, तं मी माह्याच पोटच्या पोराले जिवे मारायची धमकी देल्ली!

संघर्षनं जर्मनीतून डॉक्टरेट झाल्याचा फोटो टाकला होता. कोट, टाय, डोक्यावर ते चौकोनी टोपरं. मी खाली लिहलं, "टाय बांधली का गळफास घेतला बे मुडद्या? तुयं मढं निंगो, किती वाळला!" यात खोटं काय? तो वाळलाच आहे. अन् चारचौघांत पोराचं कौतुक करन्याची आपल्याकडं रीत नाई. तुहा बाप, माणिकदादा, नजर मानत नाई, मीही मानत नाई. पन तोंडावर वाखाणलं की पोट्टं फुगते, हे मानते. म्हून आपन शिव्या देतो. लहानपनापासून त्याले त्याच शिव्यायनं जेऊ घातलं.

गाव हसून राह्यलं. देवानंद भावजी म्हनतात, वहिनी, आता आंतरराष्ट्रीय गुंड झाल्या. हे कोन्या बैताडाचं काम आहे, त्याचं नाव मले पाठव.

तुह्या बापाले काही सांगू नको. जेवत जाय. माया आहे, ती कमी करू नको.

तुही आत्या,
जनकाबाई

*

पुणे,
दि. १५ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

नाव मागितलंस, तर खालची सही बघ. ते काम माझं आहे.

तक्रार संघर्षदादाबरोबर शिकणाऱ्या एका जर्मन मुलीने केली. तिने भाषांतराचं बटण दाबलं आणि तिला दिसलं ते असं: गळफास, प्रेत, तुझी अंत्ययात्रा निघो. ती घाबरली. तिला वाटलं, याच्या घरातूनच याच्या जिवावर कोणी उठलंय. दादाने तिला नंतर समजावलं, तरी तिला पटेना. आईच्या तोंडी मुलाचं मरण, हे तिला गमतीतसुद्धा ऐकवेना. दादा सांगत होता की तिकडच्या सोबत्यांनी पहिल्या महिन्यात सगळ्यांसमोर त्याच्या चुकीवर हसून त्याला टोपणनाव ठेवलं होतं, आणि तो आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता. त्यांच्या मते ते त्याला आपल्यात घेणं होतं.

माझ्या पडद्यावर नावं झाकलेली असतात. तरी पहिल्या ओळीला तुझा आवाज ऐकू आला. नियम सांगतो, मरण चिंतलेलं असेल तर काढा, चेष्टा की प्रेम ते विचारू नका. मी सोडून दिलं असतं तर आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं झालं असतं. बाबांनी शाळेआधी घरातच अक्षरं शिकवली, त्यात हेही शिकवलं होतं: आपल्या माणसाला तोलताना काटा दुप्पट नीट धर. म्हणून काढून टाकायचं बटण दाबलं. खातं बंद होईल हे मात्र ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून नीट झोप नाही. वरच्यांना विनंती लिहिली आहे.

रागाव, पण पत्र थांबवू नकोस, एवढी विनवणी.

तुझी,
धम्मशीला

*

देऊळघाट,
दि. २१ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मशीला हिस,
जयभीम. वि. वि.

तुहा काटा लय नीट आहे बाई. आता त्याच काट्यात हे टाक.

तुही बहीन सारिका, तिच्या मोबाईलवर मी तो फोटो पुन्हा पाह्यला. माह्या कॉमेंटीच्या जागी आता एक साहेब बसले आहेत. उतरवून देते, मात्रेचाही फरक नाई:

"सन्माननीय संघर्षजी, हार्दिक अभिनंदन. गुणवत्तेच्या रांगेत उभे न राहताही इतके दूर जाता येते, हे आपण दाखवून दिलेत. तिकडे तरी आडनाव विचारत नसतील, ही समाधानाची बाब. नमस्कार."

खाली हात जोडलेले. अंगठे किती उठले ते मी मोजले नाई, मोजवले नाई.

हे तुह्या मशिनीले दिसत नाई का? की यात 'बे' नाई म्हून चालते? सारिकानं तक्रार केली तं उत्तर आलं, तपासलं, काही गैर आढळलं नाई. कोनाले आढळलं नाई, धम्मशीला? माह्या पोरानं ते वाचलं. त्यानं मले फोनवर काही म्हटलं नाई, नुसतं हवापानी विचारलं. माह्या शिवीनं तो आजवर कधी असा गप झाला नव्हता.

मी अंगनवाडीत लेकरायले बोलनं शिकवलं. गोड बोलून कोन टोचते, हे मले चार वर्साचं पोरगं दाखवते. तुमाले पगार देऊन समजत नाई?

पत्राचं उत्तर नको. ते काढ.

जनकाबाई

*

पुणे,
दि. ३० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

उत्तर नको म्हणालीस, तरी लिहिते.

सारिकाची तक्रार माझ्या शेजारच्या टेबलावर, रुपालीकडे गेली होती. तिला राग आला होता, पण नियमात बसेना म्हणून तिने सोडून दिलं. मी ती मागून घेतली आणि ते वाक्य काढलं. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या परदेशातल्या वरिष्ठाने मला पडद्यावर बोलावलं. माणूस वाईट नाही. त्याने शांतपणे विचारलं की यातला आक्षेपार्ह शब्द कोणता. मी म्हटलं, एकही नाही. मग काढलं का, असं त्याने विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडे ज्याला खरंच खाली ढकलायचं असतं त्याला 'सन्माननीय' म्हणतात, आणि आडनावाचं म्हणाल तर ते कळायला तुम्हाला आमच्या गावात जन्म घ्यावा लागेल. त्याने लिहून घेतलं, आभार मानले आणि संध्याकाळी ते वाक्य परत चढवलं. मला ताकीद मिळाली: भावनेच्या भरात निर्णय. तुझं खातं उघडायची विनंतीही फेटाळली.

भावनेच्या भरात! तुझं वाक्य तुझा आवाज ऐकत काढलं, तेव्हा कोणी ताकीद दिली नाही.

मग मी माझ्या स्वतःच्या खात्यावरून, नाव-आडनावासह, त्या 'सन्माननीय'वाल्या साहेबांच्या वाक्याखाली लिहिलं: "मी याची मामेबहीण. गुणवत्तेची ती रांग कुठे सुरू होते सांगा, मी येऊन तुमच्या पुढे उभी राहते. आडनाव वर लिहिलं आहे, घुटमळू नका." नोकरीत असताना असं लिहिणं मना आहे, हे ठाऊक होतं. सगळे कागद वाचूनच सही केली होती.

त्यांनी लगेच तक्रार केली की आपल्याला व्यक्तिशः लक्ष्य केलं जातंय. काल मला सांगण्यात आलं, वाक्य मागे घे नाहीतर ओळखपत्र जमा कर.

मी ओळखपत्र टेबलावर ठेवून आले. बाबांना आज पत्र टाकलं आहे, त्यामुळे आता तुला लपवायला काही उरलं नाही. भाड्याचं आणि पुढचं काय, ही काळजी आहेच. पण काळजीच्या वर राग चढून बसलाय, आणि पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटत नाही.

माझं वाक्य काढायचं की ठेवायचं, ते आता रुपालीच्या टेबलावर आहे. काल मी निघाले तेव्हा ती बटण न दाबता त्याच्यासमोर हात बांधून बसली होती. हे लिहीपर्यंत तरी वाक्य तिथेच आहे. सारिकाच्या मोबाईलवर बघ.

लोभ असू दे, आणि रागही असू दे.

तुझी,
धम्मशीला