ठोकळा ठेवला

३ जून
लागले बाई एकदाची कामाला! निवृत्तीनंतर वर्षभर घरात माश्या मारत बसले होते. ताईच्या लेकीनं, माझ्या भाचीनं, मला ओढूनच तिच्याकडे आणलं. तिच्या घराच्या माडीवर खोली, आणि दोन गल्ल्या सोडून हृदयरोगाचा दवाखाना. तिथे ईसीजी काढायचे. डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बोलणं एकदम धारदार. मशीन जुनं आहे, अधूनमधून रुसतं, म्हणाल्या. मी सांगितलं, तीस वर्षं कॅन्सरच्या इस्पितळात किरणांचं मशीन चालवलंय, हे तर खेळणं. हसल्या.
कंपाउंडरचं नाव सगळ्यांनी ‘भोंगा’ ठेवलंय. तो पेशंटला हाक मारतो तेव्हा समोरच्या दुकानातली माणसंही उठून उभी राहतात.
संध्याकाळी भाचीनं शेजारणींशी ओळख करून दिली. ही माझी मावशी, हिनंच मला वाचवलं, म्हणाली. एकोणिसाव्या वर्षी तिच्या छातीत गाठी झाल्या होत्या, आणि किरणांचा शेक मीच दिला होता. मी आपली नको नको म्हणत राहिले, पण बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१९ जून
आज शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. वय चव्वेचाळीस. साखर नाही, रक्तदाब नाही, कसलं व्यसन नाही, तरी जिना चढताना छाती आवळते. पलंगावर झोपवून वायरी लावायला गेले आणि मला ठिपके दिसले. निळे, मोहरीएवढे. एक गळ्याच्या खळग्यात, एक छातीच्या हाडाच्या टोकाशी, दोन काखेखाली. शेकाचा नेम रोज एकाच जागी लागावा म्हणून आम्ही सुईनं गोंदायचो ते.
सहज विचारल्यासारखं विचारलं. बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. विसाव्या वर्षी गाठी झाल्या होत्या, आमच्याच इस्पितळात बऱ्या झाल्या. सासरी कुणाला माहीत नाही, डॉक्टरांनाही तीळ आहेत म्हणून सांगितलंय, तुम्ही बोलू नका. मी मान डोलावली. त्यांनी मला ओळखलं नाही. तेव्हा माझ्या तोंडावर मास्क असायचा.
खालचा ठिपका माझ्या हातून नेहमी किंचित डावीकडे जायचा. त्यावरून साहेबांची बोलणी खाल्ली आहेत.
बाईंचा डावीकडे आहे.

२० जून
लिहूनच टाकते. दुसऱ्या कुणाला सांगणार?
शेक छातीभर पडायचा. निम्मे दिवस झाले की पुढे हृदयावर शिशाचा ठोकळा आडवा ठेवायचा, म्हणजे किरण तिथे पोचत नाहीत. ठोकळा जड. तो उचलायचा, मशीनखालच्या ताटावर स्क्रूनं आवळायचा, सावली जुळवून बघायची, प्रत्येकीला पाच-सात मिनिटं. दुपारी बाहेर पन्नास-साठ माणसं ताटकळलेली. मग मी तो ठेवेनाशी झाले. रोज नाही. पण पुष्कळदा. कार्डावर मात्र ‘ठोकळा ठेवला’ लिहून खाली सही करायचे.
वाटायचं, विशीतलं हृदय, त्याला काय होतंय? आणि काही झालंही नाही. दहा वर्षं, पंधरा वर्षं, कुणीही तक्रार घेऊन आलं नाही.

४ जुलै
गणिताच्या बाईंचे रिपोर्ट आले. तिन्ही रक्तवाहिन्या तोंडाशीच अरुंद झाल्यात, एक झडप खडूसारखी कडक. या वयात हे जुळत नाही, असं डॉक्टरबाई दोनदा म्हणाल्या. आज एक बस कंडक्टर आल्या होत्या, पन्नाशीच्या. त्यांनाही चार ठिपके. खालचा डावीकडे.
जेवण गेलं नाही.

९ जुलै
डॉक्टरबाईंनी मला आत बोलावून खुर्ची दिली. शेक घेतलेल्यांना वीस-वीस वर्षांनी हृदयाचा त्रास होतो, रक्तवाहिन्या आतून जाड होतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. मग सरळच विचारलं, “गणिताच्या बाईंनी कधी शेक घेतला होता का? तुमच्याशी काही बोलल्या?”
मी म्हटलं, “नाही.”
बाईंना शब्द दिला होता म्हणून, असं स्वतःला सांगत घरी आले. शब्दासाठी नाही. सहीसाठी.

१५ जुलै
परवा मोठ्या इस्पितळात बाईंचं ऑपरेशन झालं. छाती उघडली तर आत सगळं चिकटून चामड्यासारखं झालेलं. बायपाससाठी छातीतली जी वाहिनी जोडायला घेतात तीसुद्धा निकामी. रक्त थांबेना.
बाई गेल्या.
डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या की आधी कळलं असतं तर तयारी वेगळी केली असती, कदाचित ऑपरेशन केलंच नसतं.
आज दुपारी बाईंचे यजमान कागद न्यायला आले. मुद्दाम माझ्याकडे आले, हात जोडले. ही तुमचं फार चांगलं बोलायची, म्हणाले.
मी त्यांचे जोडलेले हात —

१८ जुलै
कामावर गेले नाही. अंग दुखतंय म्हणून सांगितलं.
भाची चहा घेऊन वर आली. दाराशी थांबली. चौकट धरून उभी, बोलता येईना. पायऱ्या चौदा. वजन वाढलंय गं मावशी, म्हणाली नि हसली.
ओठ निळसर.

१९ जुलै
तिच्या वेळी ठेवला होता. नक्की ठेवला होता. सख्ख्या बहिणीची मुलगी.
तिचा नंबर सगळ्यात शेवटी घ्यायचे, मग आम्ही दोघी एकदम घरी — पाचची बस —
बस आठवते. मागून धावलेलो आठवतं. तिची हातातली चप्पल आठवते.
ठोकळा आठवत नाही.

२१ जुलै
सांगितलं. सगळं. ‘नाही’ म्हटलं होतं तेही.
डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. खुर्ची थोडी मागे घेतली. आठवतील तेवढी नावं लिहून द्या, म्हणाल्या. सगळ्यांना बोलावून तपासू. आणि भाचीला उद्याच आणा. तिला मी सांगू, की तुम्ही?
मी टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनीच तिला फोन करून ठोकळ्याचं सांगितलं.
चव्वेचाळीस नावं आठवली. अजून आहेत, चेहरे आहेत, नावं —

२२ जुलै
वायरी दुसरं कुणी लावेल, असं ठरलं होतं. भाची ऐकेना. मावशीच लावेल.
लावल्या. शेवटची लावताना तिनं माझा हात धरला.
कागद सरकत बाहेर आला. मला वाचता येतो. वाचता यायला नको होता.
ती झोपल्या झोपल्या माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर —
“मावशी, माझ्या वेळी ठेवला होतास ना गं?”
आणि मी तिला म्हटलं, “हो. ठोकळा ठेवला.”