एका लिफ्टची किंमत

प्रिय नोरीनताई,

एका लिफ्टची खरी किंमत सांगतो: दोन दिवस पेट्रोल पंपाच्या पत्र्याखाली बसणं, तोंडावर शेकडो माशा आणि तीस वर्षांचा दोस्त.

काळजी नको, मी ठणठणीत आहे. पायाचे फोडही सुकले. तुझ्या कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्या का?

झालं असं. डार्विनकडे जाणारी एखादी गाडी फुकट घेऊन जाईल म्हणून मी आणि मर्व्ह त्या पंपावर ताटकळत होतो. आपल्याकडे दोस्ताला पाजायची पाळी कुणी चुकवत नाही, आणि काल बिअरची पाळी माझी होती. मी आत पैसे देत होतो, तेवढ्यात बाहेर ट्रक थांबला. जाळीच्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"जागा एकच आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"मीही एकटाच आहे की!" हा आपला मर्व्ह.

"मग दोन सॅक कशाला रे, म्हाताऱ्या?"

"ती होय? कुणीतरी विसरून गेलंय."

मी दोन बाटल्या घेऊन बाहेर आलो, तर नुसती लाल धूळ. माझी सॅक मात्र त्यानं सावलीत सरकवून ठेवली होती. दोन्ही बिअर मीच प्यायलो. अगं, तोंड उघडून मागितली असती, तर ती जागा मी हसत दिली असती.

त्याच्या बायकोला यातलं काही बोलू नकोस.

माझं काही अडत नाही. चाळीस वर्षं टायर विकून उभा राहिलेला माणूस मी! एकटाच डार्विन गाठणार, तिथून तिमोर, मग बाली.

भावजींची खोकल्याची गोळी चुकवू नकोस.

तुझा धाकटा,
रॉय

ता.क. अक्षर हललंय, कारण बसमध्ये लिहितोय. बस उलट्या दिशेनं, आपल्या ॲडलेडला येतेय. शनिवारी स्टँडवर कुणाला तरी पाठव.