खाडीचं गेट कोणी उघडलं

बाबा,

काल लेकीच्या सासरहून कुरिअरनं एक खोकं आलं. त्यातून निघालं ते असं: आमसुलं एक पिशवी, नारळ चार, आणि नारिंगी रंगाचं एक जाकीट, पाण्यात पडला तरी माणूस तरंगावा असं, माझ्या मापाचं. आमसुलं आणि नारळ त्यांच्या घरचे, त्यांची किंमत लावली नाही. जाकिटाच्या किमतीची चिठ्ठी जावयानं फाडून टाकलेली, पण दोऱ्याला एक कोपरा अडकून राहिला होता आणि त्यावर शेवटची दोन शून्यं दिसली. पुढचा आकडा काय असेल या धास्तीनं मी हिशेबाच्या वहीत नुसतं 'भेट' लिहिलं. आमच्या मंगरूळपीरात नळ चौथ्या दिवशी येतो. इथं बुडायचं म्हटलं तरी आधी पाणी साठवावं लागेल. तरी घालून पाहिलं. मापात बसलं.

खोक्यात लेकीची चिठ्ठी होती, आधी फोनवर सांगितलेलंच पुन्हा लिहिलेलं. डॉक्टरनं तिला प्रवासाला मना केलं आहे. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते होत नाही; माहेरानंच उठून तिकडं जायचं, आणि चार दिवस नाही, चांगलं दोन-अडीच महिने. जावयाचं घर कोकणात खाडीच्या काठी, आणि त्या घरात रोज मासा शिजतो. तुम्ही माझ्या गळ्यात माळ घातली तेव्हा सांगितलं होतं, "ज्या घरात मासा शिजते, तिथं जेवाचं नाई." मी शब्द पाळला. आता लेकीकडं जाऊ की शब्द धरून बसू, ते विचारायला हे लिहायला बसले. विचारायचं आहे म्हणून आधी सगळं खरं सांगते.

मागच्या हिवाळ्यात मी तिकडं एकदा जाऊन आले. जाताना शेगडी, तवा, कणीक, ज्वारीचं पीठ, तेल, मीठसुद्धा घेऊन गेले. विहीणबाईंनी ते सामान उतरवून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मीठ आमच्याकडे बरं मिळतं हो." पुढं समुद्र पसरलेला.

जावयाचा धंदा तुम्हाला पटणार नाही. त्यांच्याकडं कयाक आहेत. कयाक म्हणजे प्लास्टिकची लांब, अरुंद डोंगी. दोन माणसं पुढंमागं पाय लांब करून बसतात आणि दोन्ही टोकांना पसरट असं वल्हं मारतात. शहरातले लोक येतात, जावई त्यांना खाडीत नेतो, ते गळ टाकून मासे पकडतात आणि परत सोडून देतात. मी विचारलं, "मंग पकडता कायले?" जावई म्हणाला, "आई, लोक त्याचेच पैसे देतात." हे ऐकून मला तुम्ही आठवलात, ते पुढं सांगते.

एका सकाळी त्यानं मला फिरवायला नेलं. भरती होती. खारफुटीच्या झाडांतून एका अरुंद फाट्यात आम्ही शिरलो. इतकी शांतता, की मी माळ काढली आणि जपाला बसले. थोड्या वेळानं मागून आवाज, "आई, ओहोटी लागली, निघूया." मी हातानं खूण केली, थांबा. माझ्या अकरा माळा झाल्याशिवाय मी बोलत नाही, आणि डोंगी हलली तर जप मोडतो. परत आवाज, "आई, तोंडाशी वाळू आहे, ती उघडी पडली की आपण आतच." परत खूण. बाबा, मी पाटकऱ्याची लेक. धरणाच्या चौकीत वाढले. गेट फिरवायचा लोखंडी दांडा आपल्या स्वयंपाकघरात देव्हाऱ्याशेजारी उभा असायचा आणि आई देवांसोबत त्यालाही कुंकू लावायची. पाणी सुटतं ते तुम्ही दांडा घेऊन गेलात की, आणि थांबतं तेही तुम्ही गेलात की. दहावीत भरती-ओहोटीवर मी चंद्राचं चित्र काढून पुरे गुण घेतले होते, पण गुण घेतले म्हणजे पटलं असं थोडीच. पाणी आपल्या मनानं कुठं जाईल?

जप संपवून डोळे उघडले तर आम्ही चिखलात. खाली पाणी नाही, पुढं नाही, मागं नाही. बिळांतून लाल खेकडे बाहेर येऊन आमच्याकडं पाहून राहिलेले. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "गेट कोणं उघडलं?"

जावई इतका गुणी की हसला नाही. वल्ह्यावर कपाळ टेकून बसला, खांदे मात्र हलत होते.

मी यांना फोन लावला. हे म्हणाले, "पानी गेलं म्हंजे? कोठी गेलं?"

"समुद्रात."

"मंग वापस कवा येते?"

"जावाई म्हंतात, दुपारी."

"लेखी घे त्याच्यापासून."

चिखल मांडीएवढा, म्हणून उतरायची सोय नाही. ऊन चढलं. जावयानं डबा काढला, मी तोंड फिरवलं. तो म्हणाला, "आई, तांदळाची घावनं आहेत. तवा नवा आहे. माझ्या आईनं तुमच्यासाठी घेतला, त्यावर मासा चढलेला नाही. तुमची शेगडी बघून तिला सांगायचा धीर झाला नाही."

मी विचारलं, "कितीले पडला?"

"तिनं सांगितलं नाही."

मी खाल्लं, बाबा. घर नव्हतंच ते, चिखल होता, आणि चिखलात मासा शिजत नाही, असा मी मनाशी निकाल लावला. पण खरं म्हणजे तव्याचं ऐकून घास आधी मऊ झाला होता, निकाल मागून लावला.

दुपारी पाणी आलं. कोणी दांडा फिरवला नाही, कोणी पाण्याचा पास मागितला नाही, आपल्या पायानं आलं. डोंगी उचलली गेली तशी जावयानं गळ टाकला आणि, "धरा जरा," म्हणून माझ्या हातात दिला. आणि काय ती ओढ बसली! मी "नारायण, नारायण" ओरडून राहिले आणि सोडत मात्र नव्हते. हातभर जिताडा मासा निघाला. जावयानं हात ओला केला, अलगद गळ काढला, आणि त्याला पाण्यात तसंच धरून ठेवलं, श्वास येईपर्यंत. मग सोडला.

पाण्याची पाळी संपल्यावर पाटाच्या डबक्यात अडकलेले मासे मी परकराच्या ओच्यात भरून घरी आणले होते, तो दिवस आठवतो? तुम्ही हात उगारला नाही. बादली दिली आणि म्हणालात, "ते पान्याच्या भरवशावर इथवर आले, अन् पानी आपण बंद केलं. त्याईची काय चूक? चाल." डोहापर्यंत माझ्या किती खेपा झाल्या! शेवटचा मासा तुम्ही असाच धरला होता, हात ओला करून.

म्हणून विचारते. तुमच्या चौकीच्या दारावर पाळीची नोटीस लागायची, तिच्या खाली ओळ असायची, की हरकत असल्यास कळवावं, नाही कळवलं तर हरकत नाही असं समजण्यात येईल. तोच कायदा मी इथं लावते. पत्र पोस्टात टाकत नाही, उगाच तिकीट वाया. देव्हाऱ्यात ठेवते, तुमच्या फोटोमागं. शेगडी या खेपेला नेणार नाही. जाकीट नेईन. फक्त एक, आगगाडीचं आरक्षण मी परवाच करून आले, खोकं येण्याच्याही आधी, आणि रद्द केलं तर पैसे कापतात. तेवढं ध्यानात घेऊन उलट टपाली कळवा.