दारावरचा नवरा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. गेले काही महिने एका बुटक्या स्टुलावर कुबड काढून बसल्यामुळे सरळ उभं राहून नमस्कार करणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला कमी असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग. कमी नसेल तर सांगू नकोस, उत्तर द्यायला जातात आणि ठसका लागतो. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं आहे, त्यावर विश्वास ठेवून पुढचं वाचू नकोस.

या सगळ्याला जबाबदार तू आहेस. मी निवृत्त झालो तेव्हा घरी बसून काय करू म्हणून तुला फोन केला होता, आणि तू म्हणालीस, "काहीतरी छंद लाव रे जिवाला, नाहीतर बायकोच्या पायात पायात करशील." पायात पायात मी करतच होतो. वजनमापे निरीक्षक म्हणून माझा जन्म गेला. माणूस दिसला की त्याच्या तराजूकडे आधी लक्ष जायचं आणि तोंडाकडे नंतर. निवृत्तीनंतर तपासायला फक्त आमचं स्वयंपाकघर उरलं. मी डाळींचे पुडे वजन करून बघितले, डबे आकाराने लावले, आणि एके दिवशी भाजीत टाकायचं मीठ चमचा सपाट करून मोजायला गेलो, तेव्हा तुझी भावजय शांतपणे म्हणाली, "इतकी वर्षं मी अंदाजाने घातलं आणि तुम्ही न बोलता खाल्लंत. आता काय नवीन झालं?" मी चमचा खाली ठेवला आणि तुझा सल्ला उचलला. त्याची फळं भोगतो आहे.

मुलाला कळल्यावर त्याने कौतुकाने एक मशीन पाठवलं. त्याला स्क्रोल सॉ म्हणतात. तुझ्यासाठी सांगायचं तर शिवणयंत्राचा वाया गेलेला भाऊ. सुईच्या जागी केसाएवढं करवतीचं पातं असतं, ते टकटक वर-खाली नाचतं, आणि आपण लाकडाची फळी त्याच्यापुढे हळूहळू फिरवत नक्षी कापायची. पेटीवरच्या चित्रात पांढऱ्या केसांचा एक हसतमुख म्हातारा हरिण कापत होता. मी तो म्हातारा होणार होतो. म्हातारा झालो, हरिण राहिलं. पहिल्या प्रयत्नाला मान गेली. दुसऱ्याला पाय इतके जाड राहिले की तुझ्या भावजयीने "म्हैस छान झाली" म्हणून मनापासून तारीफ केली आणि मी ती मुकाट्याने घेतली. पात्याचं तर विचारू नकोस. जरा वळणावर घाई केली की फट्कन तुटतं. मग मशीन बंद करा, वरचा स्क्रू सैल करा, चष्मा बदला, नवीन पातं अडकवा, ते उलटं बसलं आहे हे कळेपर्यंत कापा, पुन्हा चष्मा बदला. उभ्या आयुष्यात माझ्यापुढे भलेभले व्यापारी चळाचळा कापले, पण सागाची बोटभर फळी माझ्या हातून सरळ कापली गेली नाही.

मशीन बाल्कनीत ठेवलं, तरी भुसा घरभर. उशीच्या अभ्र्यात भुसा, पुस्तकांच्या पानांत भुसा, मी शिंकलो तरी भुसा. (बोटं सगळी जागेवर आहेत. दोन बोटांना पट्ट्या आहेत, पण आहेत.) तुझी भावजय एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मला वाद घालता आला असता. ती फक्त दुपारी मशीन सुरू झालं की चपला घालायची आणि खाली मुख्याध्यापिकाबाईंकडे चहाला जायची. या बाई आमच्या बरोबर खालच्या घरात एकट्या राहतात. लग्न केलं नाही, शाळा मात्र धाकात चालवली. अजून जिन्यात भेटल्या की मी आपोआप डाव्या बाजूने चालतो. आधी ती अर्ध्या तासात परत यायची. मग तास झाला, मग दिवेलागण व्हायला लागली. ताई, मी इकडे फळीवर म्हशी कापत होतो आणि माझा संसार एक मजला खाली उतरत होता.

शेवटी ठरवलं की बाईंना काहीतरी करून द्यावं, म्हणजे त्यांचं मन वळेल आणि त्या माझी बायको परत करतील. त्यांच्या घराचं नाव 'निवारा'. दाराशी कागदावर लिहून चिकटवलेलं होतं, तेही उन्हाने उडालेलं. म्हटलं, लाकडात अक्षरं कोरून सुंदर पाटी करू. लाकडाच्या वखारीत गेलो. वखारवाला माझ्या ओळखीचा, म्हणजे त्याच्या मापाच्या पट्टीवर मी एकदा कारवाई केलेली. तो म्हणाला, "साहेब, अक्षरांना प्लायवूड घ्या. साध्या फळीत नाजूक दांडे टिकत नाहीत, रेषेवर तुटतात." मला वाटलं, हा जुना राग काढतो आहे आणि हलका माल गळ्यात मारतो आहे. मी ताठ मानेने अस्सल लाकूड मागितलं. त्याने पुन्हा एकदा सांगून बघितलं, मग खांदे उडवले आणि फळी माझ्यासमोर चार वेळा मोजून, वर "बघून घ्या साहेब, नंतर तक्रार नको" म्हणून दिली.

आपली लिपी किती अवघड आहे हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या रेघेला सगळी अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी लोंबकळतात. काना म्हणजे तर नुसती काडी, फक्त वरून धरलेली. 'व'च्या पोटातली जागा काढायची तर आधी भोक पाडा, पातं सोडवा, भोकातून ओवा, पुन्हा आवळा. तीन 'व' फुकट गेले. पण चौथी पाटी जमली. खरंच जमली, ताई. मी ती घासली, तेल लावलं, उन्हात धरून बघितली. माझ्या हातून झालेली ती पहिली गोष्ट होती जिला बघून कुणी दुसऱ्या प्राण्याचं नाव घेतलं नसतं. बाई बाहेर गेल्या असताना त्यांच्या दारावर दोन खिळ्यांनी लावून आलो.

आता बाईंची सवय अशी की त्या दार लावत नाहीत, आपटतात. (शाळेतल्या वर्गांची दारं तशीच लावावी लागत असणार.) पहिल्या आपटीला 'नि'ची वेलांटी दांड्यासकट गळाली. 'नवारा' राहिलं. लोकांना वाटलं असेल काहीतरी जुना शब्द. त्यानंतर मधला काना गेला. शेवटचा काना तेवढा घट्ट बसला. तो पडला असता तर 'नवर' झालं असतं आणि कुणाला काही बोध झाला नसता. पण तो पडला नाही, आणि जन्मभर अविवाहित राहिलेल्या, साऱ्या वस्तीला व्याकरण शिकवलेल्या बाईंच्या दारावर, तेल लावलेल्या अस्सल लाकडात, 'नवरा' अशी पाटी लागली.

दूधवाला ती वाचून गेला. पार्सलवाला वाचून गेला आणि म्हणे "साहेब घरात आहेत का?" विचारून गेला. तुझी भावजय खालून आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "जरा खाली जाऊन तुमचं लेखन बघून या."

मी कसा गेलो ते मला माहीत. बाईंनी दार उघडलं, बसायला सांगितलं. मी बसलो. टेबलावर बशीत वेलांटी आणि काना जपून ठेवले होते. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"नवरा मी आयुष्यभर दाराबाहेर ठेवला हे खरं आहे," त्या म्हणाल्या, "पण पाटी लावून नव्हे."

मी म्हटलं, आत्ता काढतो. त्या म्हणाल्या, राहू दे, हल्ली विक्रेते बेल वाजवत नाहीत. मग माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, "पाटी कशाबद्दल केली होती?"

खोटं बोलायची सोय नव्हती. सांगून टाकलं की माझ्या मशीनच्या आवाजाला कंटाळून बायको रोज इथे येते, ती घरी राहावी असं वाटतं.

"आवाजाला कंटाळलेलं माणूस त्या आवाजाच्या बरोबर खाली येऊन बसेल का?" बाई म्हणाल्या. "तुमची बाल्कनी माझ्या डोक्यावर आहे. इथे तुमच्या घरापेक्षा जास्त ऐकू येतं. मशीन चालू असलं की ती बोलते, चहा पिते. थांबलं की वाक्य अर्धं सोडून वर बघते. पुन्हा सुरू झालं की उरलेलं वाक्य बोलते. तुमचं पातं तुटतं त्या दिवशी आमचा एकही विषय पूर्ण होत नाही."

मी विचारलं, मग ती वरच का बसत नाही?

"समोर बसलं की तुमच्या बोटांकडे बघवत नाही म्हणते. आणि नका करू म्हणवत नाही."

ताई, मी जिना चढून वर आलो. ती कपडे घड्या घालत होती. मला काही बोलायचं होतं, पण इतक्या वर्षांत आमच्यात असलं बोलायची वहिवाट पडलेली नाही. मी म्हटलं, पाटी राहू दे म्हणाल्या. ती म्हणाली, बरं.

तुला वाटेल, इथे गोष्ट गोड झाली. खरा सत्यानाश इथून सुरू होतो. त्या दिवशी लाकडाला हात लावायचा नाही असं मी ठरवलं. दुसऱ्या दुपारी मशीनवर चादर टाकली आणि आडवा झालो. ती चहाला खाली गेलेली. थोड्या वेळाने जिन्यात धावत आल्याचा आवाज. दारात ती उभी, श्वास लागलेला, एका पायात चप्पल. मला बघितलं, बोटांकडे बघितलं, म्हणाली, "पिशवी विसरले." आणि पिशवी न घेताच परत गेली. तेव्हापासून मी रोज दुपारी मशीन रिकामं चालवतो. लाकूड नाही, नक्षी नाही, नुसतं पातं वर-खाली. बंद करायची हिंमत होत नाही. दुपारची झोप गेली. वर्तमानपत्र वाचायला घेतो तर अक्षरं थरथरतात. उठून पाणी प्यायलो तरी मशीन चालूच ठेवतो. ती खाली निवांत चहा पिते, आणि मी वर एका नाचणाऱ्या पात्याला राखण बसतो. छंद सुटला, मशीन सुटत नाही. जन्मभर लोकांची खोटी मापं पकडली आणि आता रोज दुपारी अख्ख्या इमारतीला खोटा आवाज ऐकवतो आहे. यातून सुटका दिसत नाही.

असो. तब्येतीला जप. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
बारक्या

ता. क. तुला हवापालट हवा असं भावोजी म्हणत होते. आठ-पंधरा दिवस इकडे ये. आमची बाल्कनी हवेशीर आहे.

ता. क. २. बाल्कनीत एक स्टूल आहे. दुपारी तू त्यावर बसलीस तर मला तासभर डोळा लावता येईल. मशीनला हात लावायचा नाही, फक्त बटण दाबायचं आणि विणकाम करत बसायचं. गुडघ्याला काही त्रास नाही. येण्याचं खरं कारण भावजयीला सांगू नकोस.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. ह्यांना डिंक सापडत नव्हता म्हणून पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. लाकूड कापताना मशीनचा आवाज जड येतो आणि रिकामं असलं की ते शीळ घालतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. हे उगाच बसून आहेत, तेही माझ्यासाठी, म्हणून मग मीही चहा सावकाश पिऊ लागले. तुम्ही जरूर या. पण मशीनपाशी बसू नका. रिकामं मशीन कुणीही चालवलं तरी सारखंच वाजतं, मग वर कोण आहे ते मला कळायचं नाही.