दिव्याच्या तेलाचं लोणचं

अमरावती,
१० जून २०२५

प्रिय शालू,

अनेक आशीर्वाद. इकडं सारे बरे, तिकडं तुमीही बरे असान. तुझा गुडघा कसा आहे? शेकत जाय, आळस नको करू.

फोन सोडून चिठ्ठी लिहून राहिली म्हणून हसू नको. हा फोन जुईलीनं घेऊन देल्ला, तिच्याच नावावर आहे. मी कोणाशी काय बोलली ते तिले तिथं बसल्या-बसल्या समजत असंल. केयूर म्हणते, "आई, असं काही नसते." त्याले काय कळते! बायकोपुढं तो आंधळाच आहे. म्हणून तुझ्या शेजारच्या उत्तमरावांच्या हाती देते. रोज अकोला-बडनेरा करणारा रेल्वेतला माणूस, इकडचं तिकडं लावत नाही.

तर माझी सून बँकेतून रजा काढून, लेकरू घेऊन तुमच्या अकोल्याले माहेरी जाऊन बसली. आठ दिवस झाले. बहाणा सुट्ट्यांचा. सुट्ट्या आता संपत आल्या, अन् काल केयूर फोनवर दबक्या आवाजात शाळेचं बोलत होता. मी आली तर गप. खुशीचं नाव अकोल्यातच घालते का काय ही? चार वर्षांची माझी नात, शालू. घर कसं खायले उठते, तुले काय सांगू.

भांडण कशाचं, तर लोणच्याचं.

तुले माहीत आहे, माझ्या स्वयंपाकघरात एकाही डब्यावर चिठ्ठी नसते. आपल्या आईच्याही नव्हती. जिरं, शहाजिरं, तेल, तूप, सारं नाकानं ओळखायचं, अन् नैवेद्य दाखवल्याबिगर जिभेले काही लावायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हा जुईलीही गुपचूप तसंच करायची. पण दोन वर्षं झाली, एकच धोशा: "आई, डब्यांवर नावं लिहू का?" मी म्हटलं, मी काय किराणा दुकान चालवून राहिली? काहून लागली ती एवढी मागं? काहीतरी होतं तिच्या मनात.

ओट्याखाली दोन डबे असतात. एकात फल्लीदाण्याचं ताजं तेल, दुसऱ्यात तळणीचं उरलेलं, दिव्याले लावायचं. मेच्या शेवटी लोणचं घातलं. पाच दिवस मुरू देल्लं अन् रविवारी दुपारी बरणी उघडली. केयूरनं एक फोड तोंडात घातली अन् थुंकली. "आई, दिव्याचं तेल घातलं का वो?"

चाळीस वर्षं लोणचं घालणारी बाई दिव्याचं तेल घालंल? डबे बदलले कोणं? घरात बायका दोघीच. मी तिथंच म्हटलं, "हे जुईलीचं काम आहे." केयूर म्हणे, लोणचं घातलं त्या दिवशी ती बँकेत होती. डबे काय आदल्या दिवशी बदलता येत नाहीत? ती स्वतः मात्र माझ्याकडं नुसती पाहत राहिली. सोमवारी सकाळच्या गाडीनं गेली.

त्या रविवारी सकाळीही तिनं मले हात धरून स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं. माझ्याच! जाऊ दे ते. दूध उतू गेलं होतं, बाकी काही नाही.

आता तुले एक काम सांगते. तिच्या माहेरी जाजो. सहज आली असं दाखवजो. माझ्याबद्दल तिनं काय काय पसरवलं ते काढून घेजो. सासू म्हातारी झाली, सासूच्या भरवशावर लेकरू ठेवता येत नाही, असं काही म्हटलं का? अन् वासाचं काही निघालं का, ते खास ऐकजो. काहून ते विचारू नको.

वाचून झाल्यावर फाडजो.

तुझी,
शकुनताई


अमरावती,
१५ जून

प्रिय शालू,

तुझी चिठ्ठी अन् दोन बाटल्या पोचल्या. उत्तमरावांले चहा पाजला.

तुले मी कायले पाठवलं होतं, अन् तू काय करून आली? शिरा खाऊन आली! वर लिहिते, किती गुणाची पोरगी आहे. जुईली काहीच बोलली नाही म्हणे. सासूबाईनंच सुट्टीले पाठवलं, असं आईले सांगितलं म्हणे. तिची आई उलटी माझ्या तब्येतीची चौकशी करत होती. माय माय माय! सासूची तक्रार न करणारी सून मी तर पाहिली नाही बाप्पा. तू करत होती की नाही? मी ऐकलं आहे सारं. मंग ही गप काहून? एकच कारण. तुले मी पाठवलं, हे तिनं ओळखलं. नाही तर काहीतरी मोठं दाबून ठेवलं आहे, वेळेवर काढाले.

अन् ह्या बाटल्या. "एकीत ताजं तेल आहे, एकीत खवट, वास घेऊन सांग, बरोबर निघालं तर मी स्वतः जाऊन जुईलीले जाब विचारते." माझी परीक्षा घेऊन राहिली? तू? तुले तीळ अन् जवस ओळखणं मी शिकवलं! हे तुझ्या डोक्यातलं नाही. कोणीतरी भरवून देल्लं. अन् माझा दोन वर्षांखालचा ताप तुले आत्ताच काहून आठवला?

घे उत्तर. लाल झाकणाची बाटली ताजी. किती स्वच्छ आहे, आरपार दिसते. हिरव्या झाकणाची खवट, एवढी गढूळ. वासही तसाच.

केयूरही आता तिच्या बाजूचा झाला. ऑफिसातून येताना हॉटेलातून डबा आणते. म्हणते, "आई, तुले कायले त्रास?" मी काय त्रास म्हटलं होतं? काल वरण ठेवलं होतं शेगडीवर. तो बाहेरच्या खोलीतून पळत आला अन् शेगडी बंद केली. वरण खाली लागून काळं झालं होतं. मी ओट्यापाशीच उभी होती, शालू. त्यानं माझ्याकडं जुईली पाहत होती, तसंच पाहिलं.

सारे मिळून मले असं काहून पाहून राहिले?

खुशी तुझ्याशी बोलली का? माझं नाव घेतलं का तिनं? एवढं तर लिहायचं होतं.

जुईलीच्या घरी परत जाजो, अन् ह्या खेपेले काही खाऊ नको.

शकुनताई


अमरावती,
२० जून

जुईली,

चिठ्ठीत आधी आशीर्वाद लिहायचा असते. आज आधी दुसरं लिहिते, नाही तर राहून जाईल.

शालूमावशी तुमच्याकडं आली होती ती सहज नाही. मी पाठवली होती, तुझ्यावर नजर ठेवाले. नंतर तिनं मले तेलाच्या दोन बाटल्या पाठवल्या. मी एक ताजी सांगितली, एक खवट. काल तिचं उत्तर आलं. "शकुनताई, दोन्हींत दिव्याचंच तेल होतं. एक गाळलेलं, एक बिनगाळलेलं. तू रंग पाहून सांगितलं." पहिल्यांदा वाटलं, हीही खोटं बोलून राहिली. मंग दोन्ही बाटल्या उघडून नाकाले लावल्या. हिंगाची डबी लावली. कपूर लावला. फिनाईल लावलं. काही नाही. पाणी हुंगावं तसं.

हे मले काल समजलं असं नाही, जुईली. दोन वर्षं झाली. तापातून उठली तेव्हाच वास गेला होता. वाटलं, येईल परत आठ-पंधरा दिवसांत. कोणाले सांगणार? शकुनचं नाक, शकुनचा हात, असं चाळीस वर्षं ऐकत आली मी. तेच गेलं तर ह्या घरात माझं काय राहते? मंग तुमची तोंडं पाहून रांधू लागली. केयूरनं नाक मुरडलं की दूध फेकायचं. तुझा घास थांबला की भाजी उतरली असं समजायचं. अन् तू माझ्याकडं पाहिलं की वाटायचं, हिनं ओळखलं. तू डब्यांवर नावं लिहू म्हणायची ते माझ्याचसाठी म्हणत होती, नाही का? मले त्यात डाव दिसायचा. मले तुझ्या प्रत्येक गोष्टीत डाव दिसायचा.

आता त्या रविवारचं. शालूले मी दूध उतू गेलं एवढंच लिहिलं होतं. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस येत राहिला. खुशी माझ्या पायाशी भातुकली मांडून बसली होती. मी लायटर हातात घेऊन वाकली होती. तू न्हाणीतून ओल्या केसांनी धावत आली, लायटर हिसकला, खुशीले काखेत मारलं अन् मले हात धरून अंगणात नेलं. मंग म्हटलं, "आई, तुमाले वास नाही आला?" हळूच म्हटलं. ओरडली असती तर मले सोपं गेलं असतं.

दुपारी केयूर लोणचं थुंकला. मले वाटलं, झालं, आता तू तोंड उघडशीन अन् सकाळचं सारं सांगशीन. म्हणून तू बोलायच्या आत मीच तुझं नाव घेतलं. तू एकदा खोटी ठरली की तुझं कोण ऐकणार? दिव्याचं तेल मी घातलं ते चुकून. पण हे चुकून नाही, बेटा. हे मी समजून-उमजून केलं. याची माफी कशी मागतात ते मले येत नाही. तरी मागते.

अन् तू तर कोणालेच सांगितलं नाही. केयूरले नाही, आपल्या आईले नाही.

काल मीच केयूरले समोर बसवलं अन् सारं सांगितलं. लायटरचंही. तो मंग म्हणे, सोमवारी डॉक्टरकडं जाऊ. जाईन. वास येईल की नाही, ते डॉक्टरही सांगू शकणार नाहीत.

खुशीचं नाव कुठं घालायचं ते तू ठरव. अकोल्यात घातलं तर मी कोणापाशी बोल लावणार नाही, केयूरलेही लावू देणार नाही. पण आली, तर एक सांगून ठेवते. स्वयंपाकघरात खुशीले माझ्यापाशी एकटी सोडू नको. मी म्हटलं तरी नाही. मी रागावली, रडली, तरी नाही. बाजूच्या खोलीतून तिले पाहत जाईन मी.

पण ये.

तुझ्या लेकीची आजी,
शकुन